गरोदरपणातलं व्हिटॅमिन डी आणि बाळाची ॲलर्जी: पुरावा कुठवर जातो?

गरोदरपणात व्हिटॅमिन डी भरपूर घेतलं की बाळाला पुढे दमा, इसब किंवा खाण्याची ॲलर्जी होत नाही, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. काही जण नेमकं उलटं सांगतात, की या गोळीचा आणि ॲलर्जीचा काडीचाही संबंध नाही. दोघंही पुराव्याच्या पुढे धावतात. ही गोळी घ्यायला चांगली कारणं आहेत, पण ॲलर्जी टाळणं हे त्यांतलं सगळ्यांत कच्चं कारण. वीस वर्षं इतक्या लोकांनी इतकं संशोधन करूनही ते कच्चंच का राहिलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी हे डी शरीरात येतं कुठून ते पाहू. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी एका ठरावीक पट्ट्यातले किरण (साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे) कातडीवर पडले, की तिथल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका पदार्थापासून ते तयार होतं. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे काचेआड बसून अंगावर घेतलेल्या उन्हाचा इथे उपयोग नाही. सावळ्या त्वचेला तेवढंच डी बनवायला जास्त वेळ ऊन लागतं. विषुववृत्तापासून लांबच्या देशांत हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो, की कित्येक महिने कातडीत ते जवळजवळ बनतच नाही. खाण्यातून मिळतं ते थोडंच: तेलकट मासे, अंड्याचा बलक, वरून डी मिसळलेलं दूध, एवढीच काय ती यादी.

कातडीत बनलेलं किंवा गोळीतून आलेलं डी यकृतात जातं आणि तिथे त्याचं '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' होतं. रक्ताच्या रिपोर्टवर छापलेला आकडा याचाच. पुढे मूत्रपिंडात त्याचं खरं कामाचं, सक्रिय रूप बनतं. गरोदरपणात हे काम वारसुद्धा करते. आईच्या रक्तातलं सक्रिय डी पहिल्या तिमाहीतच वाढायला लागतं आणि पुढे दुपटीवर जातं. गंमत अशी, की बाळाच्या हाडांत कॅल्शियम भरलं जातं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. मग ही इतक्या लवकरची वाढ कशासाठी? एक तर्क असा, की निम्मं परकं असलेलं बाळ आईच्या प्रतिकारशक्तीने परकं मानून नाकारू नये, यासाठी. डीचा आणि ॲलर्जीचा संबंध असावा ही शंका यायला हे एक मोठं कारण.

पोटातल्या बाळाला ऊन मिळत नाही. वारेतून येईल तेवढंच त्याचं. जन्मावेळी नाळेतल्या रक्तात डीचं प्रमाण आईच्या साधारण ६० ते ८० टक्के असतं, म्हणजे आईकडे कमी असेल तर बाळाकडे त्याहून कमी.

ॲलर्जी म्हणजे प्रतिकारशक्तीने निरुपद्रवी गोष्टीला शत्रू मानणं. परागकण, धुळीतले कीटक, अंडं, शेंगदाणे यांच्याविरुद्ध शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं. तीच गोष्ट पुन्हा समोर आली, की ही प्रतिपिंडं हिस्टामीन सोडायला लावतात आणि मग अंगावर गांधी उठतात, नाक वाहतं, श्वासनलिका आवळते. आयजीई बनवायला सांगणाऱ्या पांढऱ्या पेशींना 'टी-हेल्पर २' म्हणतात. 'टी-हेल्पर १' पेशी वेगळ्या प्रकारची लढाई लढतात, आणि 'नियंत्रक' टी पेशी या सगळ्यांना आवरतात. नवजात बाळाचा कल मुळातच टी-हेल्पर २ कडे असतो. हा कल वेळेवर बदलला नाही, तर ॲलर्जीची वाट मोकळी होते.

या बहुतेक सगळ्या पेशींत डीला ओळखून पकडणारे रेणू (रिसेप्टर) आहेत. प्रयोगशाळेत पेशींना सक्रिय डी दिलं, की नियंत्रक पेशी वाढतात. म्हणजे डी ॲलर्जी टाळणार! पण त्याच प्रयोगशाळेत असंही दिसलं, की डी टी-हेल्पर १ पेशींना दाबतं आणि त्यामुळे पारडं टी-हेल्पर २ कडे झुकू शकतं. म्हणजे डी ॲलर्जी वाढवणार! दोन्ही प्रयोग खरे आहेत. म्हणून कुणी 'डी प्रतिकारशक्तीचा तोल राखतं, म्हणून ॲलर्जी होत नाही' असं एका दमात सांगितलं, की मी सावध होतो. नुसत्या पेशी बघून हवं ते उत्तर काढता येतं. खरी माणसं बघावी लागतात.

माणसांवरच्या अभ्यासांनी गोंधळ आणखी वाढवला. उत्तर फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या हजारो मुलांची माहिती जपून ठेवलेली आहे. त्या काळी तिथे तान्ह्या बाळांना मुडदूस होऊ नये म्हणून रोज २००० युनिट डी देण्याचा सल्ला होता, म्हणजे आजच्या पाचपट. ही मुलं ३१ वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर ज्यांना लहानपणी नियमित डी मिळालं होतं त्यांच्यात ॲलर्जीची सर्दी आणि दमा थोडे जास्तच आढळले. हा निष्कर्ष २००४ मध्ये छापून आला. २००७ मध्ये चक्र उलटं फिरलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये आणि स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये, प्रत्येकी सुमारे बाराशे माय-लेकरांच्या अभ्यासात दिसलं, की गरोदरपणात ज्यांच्या आहारात डी जास्त होतं त्यांच्या मुलांना घरघर कमी होती. (घरघर म्हणजे इथे श्वास सोडताना छातीतून येणारा शिट्टीसारखा आवाज.) दम्याच्या साथीला डीची कमतरताच कारण असावी, असा प्रश्न त्याच वर्षी शास्त्रीय नियतकालिकात जाहीरपणे विचारला गेला.

पुढच्याच वर्षी साउदॅम्प्टनमधून बातमी आली, की ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी डी खूप जास्त होतं त्यांच्या मुलांना इसब आणि दमा जास्त दिसला. २०१३ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये आईच्या आणि नाळेतल्या जास्त डीचा संबंध पहिल्या दोन वर्षांतल्या खाण्याच्या ॲलर्जीशी लागला. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये मात्र दिसलं, की खुद्द बाळांच्याच रक्तात डी कमी असेल तर अंड्याची ॲलर्जी जास्त. तेही फक्त ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या आईबापांच्या मुलांत. ॲरिझोनामधल्या टूसॉनच्या मुलांत नाळेतलं डी खूप कमी आणि खूप जास्त, अशा दोन्ही टोकांना आयजीई वाढलेलं आढळलं.

यातले संशोधक कच्चे नव्हते. अडचण पद्धतीत आहे. रक्तातला डीचा आकडा हा नुसता डीचा आकडा नसतो, त्या बाईच्या जगण्याबद्दल तो बरंच काही सांगतो. ती उन्हात किती फिरते, कातडीचा रंग काय, वजन किती (चरबीत डी अडकून राहतं, म्हणून वजन जास्त असलेल्यांच्या रक्तात ते कमी दिसतं), मासे खाते का, रक्त कुठल्या ऋतूत काढलं, गोळ्या विकत घेऊन न चुकता खाण्याइतका पैसा आणि सवड आहे का. यातल्या प्रत्येक गोष्टीचा ॲलर्जीशी स्वतंत्र संबंध असू शकतो. दोरीवर कपडे वाळत दिसले तर बाहेर ऊन आहे हे कळतं, पण पावसात कपडे दोरीवर टाकले म्हणून ऊन पडत नाही.

पर्थमधल्या एका छोट्या प्रयोगात हे फार चांगलं दिसलं. ॲलर्जीचा धोका असलेली १९५ बाळं घेतली. निम्म्यांना रोज ४०० युनिट डीचे थेंब दिले, निम्म्यांना नुसतेच थेंब. शिवाय काही बाळांच्या कपड्यांना अतिनील किरण मोजणारं एक छोटंसं यंत्र लावलं. सहा महिन्यांनी पाहिलं, तर थेंबांनी इसबात फरक पडला नव्हता. पण ज्या बाळांना इसब झालं नाही, त्यांच्या अंगावर ऊन जास्त पडलेलं होतं. म्हणजे उन्हाचा काही फायदा असेलच, तर तो डीमार्फत येतो असं गृहीत धरता येत नाही. (यावरून बाळाला कडक उन्हात ठेवायचं नाही, कोवळी कातडी चटकन भाजते.)

याच पेचातून सुटायला चिठ्ठ्या टाकून गट पाडतात. कुणाला गोळी मिळणार हे नशिबावर सोडलं, की मासे खाणाऱ्या, फिरणाऱ्या, श्रीमंत, गरीब अशा सगळ्या बायका दोन्ही गटांत सारख्या वाटल्या जातात. उरतो फरक तो गोळीचा. असे दोन मोठे प्रयोग जानेवारी २०१६ मध्ये 'जामा' या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले.

पहिला अमेरिकेतला, बॉस्टन, सेंट लुइस आणि सॅन दिएगो इथला. आईला किंवा वडिलांना दमा किंवा ॲलर्जी असलेल्या ८८१ गरोदर बायकांची निवड झाली. १० ते १८ आठवड्यांदरम्यान सुरुवात करून एका गटाला रोज ४४०० युनिट आणि दुसऱ्याला ४०० युनिट मिळाले. दुसऱ्या गटाला अजिबात न देणं नैतिकदृष्ट्या पटण्यासारखं नव्हतं, ही गोष्ट निकाल वाचताना विसरायची नाही. तीन वर्षांनी पाहिलं: जास्त डोसच्या गटात २४.३ टक्के मुलांना दमा किंवा वारंवार घरघर, कमी डोसच्या गटात ३०.४ टक्के. शंभरात सहा मुलांचा फरक. कुठल्याही आईला हवासा वाटेल असाच.

आता इथे ०.०५१ हा आकडा येतो, आणि या सगळ्या विषयाचं दुखणं त्यात आहे. रूढ रिवाज असा: गोळीत काहीच दम नसेल, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता शंभरात पाचांहून कमी असेल, तरच फरक दखल घेण्याजोगा मानायचा. इथे ती शंभरात ५.१ निघाली. केसभर कमी पडलं. एका गटाने याला अपयश म्हटलं, दुसऱ्याने जवळजवळ यश. मला विचाराल तर ०.०४९ आणि ०.०५१ यांत निसर्गाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. पण मग ०.०४९ आला असता, तरी ढोल वाजवायचं कारण नव्हतं, हेही कबूल करावं लागतं.

दुसरा प्रयोग डेन्मार्कचा. ६२३ बायका, गरोदरपणाच्या २४ व्या आठवड्यापासून. नेहमीच्या ४०० युनिटांवर एका गटाला आणखी २४०० युनिट. तीन वर्षांपर्यंत सतत घरघर १६ टक्के विरुद्ध २० टक्के. दिशा तीच, आणि इथेही योगायोग नाकारता येत नाही. दोन्ही प्रयोगांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये पुन्हा हिशोब केला, तेव्हा तीन वर्षांपर्यंतच्या दम्यात आणि घरघरीत सुमारे एक चतुर्थांश घट दिसली आणि ती आता योगायोगाच्या रेषेपलीकडे गेली. सगळ्यांत जास्त फायदा ज्यांचं डी सुरुवातीपासूनच बरं होतं, त्यांच्या मुलांना. कमतरता असलेल्यांना जास्त फायदा होईल ही साधी अपेक्षा इथे उलटी पडली.

मुलं सहा वर्षांची झाली आणि दोन्ही प्रयोगांतला फरक विरघळून गेला. २०२० मध्ये दोन्हीकडून तोच निकाल आला: दम्याच्या प्रमाणात फरक नाही.

याचा अर्थ लावताना एक गोष्ट फार लोक विसरतात. लहान मुलाची घरघर म्हणजे ॲलर्जी नव्हे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनलिका मुळातच बारीक. साध्या सर्दीच्या विषाणूनेही त्या सुजतात आणि छाती वाजायला लागते. यातल्या बहुतेकांची घरघर शाळेत जायच्या वयापर्यंत आपोआप जाते. खरा ॲलर्जीचा दमा त्याच सुमारास स्पष्ट होतो. डीचा परिणाम झाला असेलच, तर तो विषाणूंशी झुंजण्यावर किंवा पोटात असताना फुप्फुसांच्या वाढीवर झाला असेल, ॲलर्जीवर नाही. दोन्ही प्रयोगांत इसबावर काही ठळक परिणाम दिसला नाही, ही गोष्ट याच बाजूने बोलते. २०१७ मध्ये आनुवंशिकीतूनही असाच कौल आला: जन्मतःच ज्यांच्या जनुकांमुळे डी कमी राहतं, त्यांच्यात दमा, इसब किंवा आयजीई जास्त आढळलं नाही. ते जनुक आईचे नाहीत, त्या त्या माणसाचे स्वतःचे होते, एवढी मर्यादा त्याला आहे.

औषध उशिरा सुरू झालं, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. श्वासनलिकेच्या मुख्य फांद्या फुटायचं काम १७ व्या आठवड्याच्या आसपास आटोपतं. डेन्मार्कमधल्या बायकांना त्यानंतर सात आठवड्यांनी गोळ्या मिळाल्या. दिवस राहण्याआधीपासून डी पुरेसं असलं तर काय होईल, याचं उत्तर हे प्रयोग देऊ शकत नाहीत.

इसबाच्या बाबतीत एक खरोखर आशादायक निकाल आहे. ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन, ऑक्सफर्ड आणि शेफील्डला एक प्रयोग झाला, मुळात बाळाच्या हाडांसाठी. १४ आठवड्यांपासून रोज १००० युनिट किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. हाडांच्या बाबतीत एकूण फरक पडला नाही, मात्र हिवाळ्यात जन्मलेल्या बाळांची हाडं जास्त भरलेली निघाली. त्याच बाळांचं इसब तपासून २०२२ मध्ये निकाल आला: वर्षभराच्या वयात, डी घेतलेल्या आयांच्या बाळांना इसब होण्याची शक्यता बरीच कमी. महिन्याहून जास्त अंगावर प्यायलेल्या बाळांत हा फरक उठून दिसला. दोन आणि चार वर्षांना तो पुसट झाला. इसब हा पुढच्या ॲलर्जींचा पहिला टप्पा मानतात, कारण फाटक्या कातडीतून अन्नाचे कण आत जाऊन प्रतिकारशक्तीची चुकीची ओळख होते. म्हणून पहिल्या वर्षातली घटही कामाची असू शकते. एका प्रयोगावर याहून जास्त भार टाकू नये.

खाण्याच्या ॲलर्जीसाठी आईच्या डीचा पुरावा तर याहून पातळ आहे. खरा फरक कसा दिसतो हे पाहायचं असेल, तर लंडनचा २०१५ चा शेंगदाण्यांचा प्रयोग पाहावा. जास्त धोका असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं. निम्म्यांना शेंगदाणे नियमित खाऊ घातले, निम्म्यांना पाच वर्षं पूर्ण बंद. बंद ठेवलेल्यांत सुमारे १७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी, खाणाऱ्यांत ३ टक्क्यांच्या आसपास. इथे दशांश चिन्हानंतर तिसरा आकडा बघत बसावं लागत नाही. (बाळाला अख्खा शेंगदाणा कधीच द्यायचा नाही, घशात अडकतो, आणि जास्त इसब असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून.) आईने गरोदरपणी शेंगदाणे, अंडी, दूध सोडल्याने बाळाची ॲलर्जी टळते, याला मात्र पुरावा नाही.

मग गरोदर बाईने डी घ्यायचं की नाही? घ्यायचं. फार कमी डी असलेल्या आईच्या बाळाला जन्मानंतर कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात, पुढे मुडदूस होऊ शकतो. डेन्मार्कच्याच प्रयोगात जास्त डी घेतलेल्या आयांच्या मुलांत दातांच्या एनॅमलमधले दोष जवळजवळ निम्मे होते. ॲलर्जी शोधायला गेले आणि हाती दात लागले. किती घ्यायचं यावर मात्र एकमत नाही. ब्रिटनमध्ये सगळ्या गरोदर बायकांना रोज ४०० युनिट सांगतात, अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने ६०० ठरवलं, जागतिक आरोग्य संघटना सरसकट सगळ्यांना द्या असं म्हणत नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये गरोदर बायकांनी डी घ्यावं असं सुचवलं, ते गर्भारपणातला रक्तदाब आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती अशा कारणांसाठी.

जास्त म्हणजे चांगलं हा हिशोब इथे चालत नाही. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनची कमाल मर्यादा रोज ४००० युनिट आहे. डी चरबीत साठतं, लघवीवाटे चटकन निघून जात नाही, आणि फार झालं तर रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडाला त्रास होतो. गफलत बहुधा अशी होते: मल्टिव्हिटॅमिनमध्ये डी, कॅल्शियमच्या गोळीतही डी, आणि वर वेगळा डीचा डोस. तिन्ही लेबलं एकापुढे एक ठेवून बेरीज करावी. एका लेबलवर मायक्रोग्रॅम असतील तर ४० ने गुणावं. १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट. रिपोर्टचंही तसंच. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहितात, काही नॅनोमोल प्रति लिटर. २० नॅनोग्रॅम आणि ५० नॅनोमोल एकच. नॅनोमोलमधला ५० चा आकडा नॅनोग्रॅम समजून 'भरपूर आहे' म्हणणं, किंवा नॅनोग्रॅममधला ३० नॅनोमोल समजून घाबरणं, दोन्ही सहज होतं.

या सगळ्या चर्चेतला एक सूर मला खटकतो. मुलाला इसब झालं की आईच्या गरोदरपणाची उलटतपासणी सुरू होते: गोळ्या नीट घेतल्यास का, उन्हात बसलीस का. ॲलर्जीचा कल वडिलांकडूनही येतो, घरातल्या धुरानेही मुलाची छाती बिघडते, आणि आईने काय केलं असतं तर ही ॲलर्जी नक्की टळली असती, हे यातला एकही प्रयोग सांगत नाही.

बाळ जन्मल्यावर प्रश्न बदलतो. आईच्या दुधात डी फार थोडं, लिटरमागे साधारण शंभर युनिटांच्या आतच असतं, आणि पोटातून आणलेला साठा काही आठवड्यांत ओसरायला लागतो. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिल्या काही दिवसांपासूनच रोज ४०० युनिट थेंबांतून द्यावेत, असा अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा २००८ पासूनचा सल्ला आहे. तो हाडांसाठी आहे. थेंबांच्या बाटल्यांची तीव्रता सारखी नसते. एका बाटलीत एका थेंबात ४०० युनिट असतात, दुसरीत एका मिलिलिटरमध्ये. बाटली बदलली की मात्रा पुन्हा वाचावी.